राजीनामा कोणत्या भाषेतला

"मराठीत का हिंदीत, तेवढंच सांग," सोमाजीकाका म्हणाले आणि वड्याचा तुकडा कोंबडीच्या रश्शात बुडवून निवांत चावू लागले. जणू ज्योत्स्नाला त्यांनी अजून एक वडा वाढू का, एवढंच विचारलं होतं.

ओसरीवरचे हात थांबले.

दिवाळी सरली, गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या. आज ज्योत्स्नाच्या माहेरची. सकाळपासून दारात चपला ठेवायला जागा नव्हती. आता शाळेच्या पटांगणातून दंडारीच्या खेळाची ढोलकी ऐकू आली तसे सोयरेधायरे तिकडे पांगले आणि घरचे तेवढे उरले. माय, म्हणजे गिरजाबाई. बापाच्या माघारी ज्यांचा शब्द घरात चालतो ते काका. पाठचा भाऊ अजय, त्याची बायको दिव्यानी. ज्योत्स्नाही घरचीच. फक्त आरमोरीचं सासर सोडून ती अहेरीला एकटी राहू लागली, तेव्हापासून तिचं पान पाहुण्यांच्या पंगतीत पडायचं. कोणी ठरवलं नव्हतं. पडायचं.

"काका, रस्सा थंडा होते," ती म्हणाली.

"होऊ दे. सोमवारी साहेब विचारन तवा हेच सांगशील काय? साहेब, रस्सा थंडा होते?"

दिव्यानीला हसू आलं. अजयने मान वर केली नाही. तो ताटातल्या भातात बोटाने वाट पाडत होता, लहानपणी पाडायचा तशी.

शब्द एकच होता. त्याच्यापायी हे सगळं.

पावसाळ्यात अहेरीजवळच्या बांबू बोर्डाच्या कारखान्याला नवे मालक मिळाले, रायपूरचे. दसऱ्याच्या आधी त्यांनी फळ्यावर कागद लावला. जुन्या जागा सगळ्या बंद. नव्या जागा कमी. ज्याला राहायचं असेल त्याने आपल्याच जागेसाठी पुन्हा अर्ज करायचा, मुलाखत द्यायची. तयार बोर्ड तपासून त्याचा दर्जा लावणारे, म्हणजे ग्रेडर, दोघं होते: ज्योत्स्ना, आणि तिच्या नंतर बऱ्याच वर्षांनी, तिच्याच शब्दावर लागलेला अजय. नव्या रचनेत ग्रेडर एक.

कॅन्टीनमध्ये वर्मासाहेबांनी सगळ्यांना बोलावून हिंदीत समजावलं. ज्योत्स्ना प्रेसवर अडकली होती. अजय ऐकून आला आणि मशीनच्या आवाजावरून ओरडला, "बाई, साहेब राजीनामा मागते! पह्यले राजीनामा, मंग अर्ज!"

इतरांनी ऑफिसातल्या प्रियाकडून हिंदीत छापलेले कागद घेतले आणि सह्या ठोकल्या. ज्योत्स्नाला दुसऱ्याच्या कागदावर सही करणं आवडत नसे. तिने कोरा कागद घेतला. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, राजीनामा. खाली लिहिलं, मी, ज्योत्स्ना नामदेव मोहुर्ले, कंपनीच्या नव्या रचनेस राजी आहे, माझा अर्ज घ्यावा. सोडून जायला सांगणारा माणूस लगेच अर्ज कशाला मागेल, एवढा विचार तिने केला होता. साहेबाचा शब्द असेल तसा, म्हणून तो वर ठेवला आणि आपल्याला कळलं ते खाली.

रायपूरकडे राजीनामा म्हणजे राजी असल्याचा कागद. नोकरी सोडायची तर तिकडे इस्तीफा. पण प्रिया चामोर्शीची, मराठी. तिने वरचा शब्द वाचला, खालचं वाचलं नाही, आणि ज्योत्स्नाच्या नावापुढे नोंद केली: सेवा समाप्त.

शुक्रवारी साहेबांनी तिला बोलावलं. बसायला सांगितलं, चहा मागवला.

"ज्योत्स्नाजी, हमारे उधर राजीनामा मतलब राज़ी होना. प्रियाजी बोलती हैं, आपके इधर मतलब छोड़ना. आपने किधर का लिखा?"

ती काही बोलायच्या आत त्यांनी हात वर केला. "अभी नहीं. घर पे पूछ लो. सोमवार को लिख के दे दो. हिंदी का था, तो आप पुरानी हो, आपका मामला अलग. मराठी का था, तो..." त्यांनी टेबलावरून तळहात फिरवला, धूळ पुसावी तसा. "सबका काम आसान."

सबका. त्या शब्दात अजय होता, हे तिला चहा संपायच्या आत कळलं.

*

असं धरलं तर:

अजयने साहेबाचा शब्द जसाच्या तसा आणला. निरोप्याने निरोपात स्वतःचं काही घालू नये. मशीन ओरडत होतं. त्याला घाई होती. त्याने सगळ्यांना तेच सांगितलं असेल.

तसं धरलं तर:

अजय दोन वर्षं भिलाईला होता. हिंदीत भांडायचा, हिंदीत हसायचा, परत आला तेव्हा झोपेतसुद्धा हिंदीत बडबडायचा. राजीनामा म्हणजे तिकडे काय, हे त्याला माहीत होतं. त्याने स्वतः छापील कागदावर सही केली. बहिणीसाठी एक कागद उचलून आणला नाही.

असं धरलं तर:

तिला छापील कागद आवडत नाहीत हे त्याला माहीत होतं. म्हणून आणला नाही.

तसं धरलं तर:

तिला छापील कागद आवडत नाहीत हे त्याला माहीत होतं.

अहेरीच्या खोलीत शुक्रवार संध्याकाळ आणि अख्खा शनिवार ती हेच करत राहिली. खोली आठवडी बाजाराच्या मागे. शनिवारी बाजार भरला, गजबजला, उठला. ती खाली उतरलीच नाही. भाजी घ्यायची होती ती राहिली. विचारायला एकच माणूस होता, आणि तो चार गल्ल्या पलीकडे बायकोपोरांसकट मंडईला जायची पिशवी भरत होता.

*

(ओसरी. बाहेर ढोलकी. काका खाटेवर, माय खांबाला टेकून, अजय उंबऱ्यात. दिव्यानी ताटं उचलते आहे, गरजेपेक्षा हळू.)

काका: तुले एकटीले किती लागते बाई? पोट एक, लुगडं एक.

ज्योत्स्ना: लुगडे दोन लागते काका. एक धुवाले टाकावं लागते.

काका: हास्यावारी नको नेऊ. अजयले दोन पोरं हायेत. बायको हाये. माय हाये.

ज्योत्स्ना: माय माहीबी हाये.

(माय पदराने खांब पुसते.)

काका: मी काय म्हणतो, आत्ताच भाऊबीज झाली. तू ओवाळलं, त्यानं ओवाळणी टाकली. औंदा उलटी ओवाळणी दे. बहिणीनं भावाले. घरची गोष्ट घरात राहते. कोणाले हात नाई जोडा लागत, भांडा नाई लागत. फक्त मराठीत होतं म्हण.

ज्योत्स्ना: पण मी राजी हाओ असं लिहिलं ना काका.

काका: खाली लिहिलं. वर काय लिहिलं?

ज्योत्स्ना: वर साहेबाचा शब्द लिहिला.

काका: साहेबाले मराठी येते काय? नाई ना? मंग मराठी शब्द त्याचा कसा होईन? तुहाच झाला. (अजयकडे पाहून, खूश होऊन) पाह्य, वकील होऊ शकलो असतो मी.

अजय: काका, जाऊ द्या ना.

काका: तू चूप राह्य. तुह्यासाठीच बोलून राह्यलो.

अजय: मी काई मांगतलं नाई बाईले.

ज्योत्स्ना: काऊन नाई मांगत?

अजय: अं?

ज्योत्स्ना: मांग ना. काकाच्या तोंडानं नको. तुह्या तोंडानं मांग.

(ढोलकी थांबते. दंडारीत कोणीतरी सोंग घेऊन आलं असावं, माणसं खदखदून हसतात. ओसरीवर कोणी हसत नाही.)

अजय: तुले जे वाटन ते.

(तो उठतो. चपला शोधतो. चपला सापडत नाहीत, पाहुण्यांच्या ढिगात गेल्या. अनवाणीच जातो.)

*

परसात फोन वाजला. सुनिल आत्राम. पूर्वी याच कारखान्यात प्रेसवर होता, आता चंद्रपूरला कामगार संघटनेचं काम पाहायचा. तिने शनिवारी त्याला तीन ओळींचा निरोप टाकला होता.

"ज्योत्स्नाबाई, हे पाहा. राजीनामा आपल्या मनानं द्याचा असते. तुमी खाली राजी हाओ, अर्ज घ्या, असं लिहिलं ना? सोडून जाणारा माणूस अर्ज घ्या म्हणन काय? उद्या साफ लिहून द्या, मी नौकरी सोडली नाई. पोच घ्या."

"पण मुलाखत ठेवली ना गा त्यायनं. मले नाई घेतलं तर?"

"ठेवू द्या. मुलाखत घेतल्यानं तुमची जुनी नौकरी पुसल्या जात नाई. अर्ज केला म्हणून तुमी नव्या नाई झाल्या. एकाच कामावर दोघं असले अन् एकाले काढाचं असन, तर मागून आलेला आधी जाते. दुसरं काई कराचं असन तर कंपनीनं कारण लिहून द्यावं. मागून कोण आलं?"

तिने विहिरीच्या कठड्यावर हात ठेवला. कठडा उन्हाने तापला होता.

"बाई? मागून कोण आलं म्हटलं."

"अजय."

अजयला सुनिलनेच बोर्ड उचलायला शिकवलं होतं.

"बरं," तो म्हणाला. "मंग हेबी ऐकून घ्या. त्याले काढलं तर नोटीस द्यावी लागन, भरपाई द्यावी लागन. अन् वर्षभरात ती जागा निघाली तर पह्यले त्यालेच बोलवावं लागन. त्याचा हक्क हाये तो. पण तुमी राजीनाम्यानं गेल्या, तर फंड अन् ग्रॅच्युइटी तेवढी भेटन. भरपाई नाई. उद्या जागा निघाली तरी तुमाले बोलवाची सक्ती नाई. तुमी आपल्या पायानं गेल्या ना."

"म्हणजे तो गेला तर दार उघडं राहते."

"फटीएवढं. पण राहते."

"अन् मी गेली तर?"

"बाई, मी कायदा सांगू शकतो," सुनिल म्हणाला. "घरचं कसं सांगू?"

तिने फोन ठेवला आणि वळली तर दिव्यानी मागेच उभी. हातात खरकटं पाणी. ते ओतायचं सोडून ती घमेलं धरून उभी होती.

"मी ऐकलं," दिव्यानी म्हणाली. "ऐकाचं म्हणून नाई. ऐकू आलं."

"बरं झालं. मले दोनदा सांगा लागलं नाई."

"बाई, तुमी हिंदीतच सांगा."

ज्योत्स्नाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"खरं सांगतो," दिव्यानी झरझर बोलू लागली. "तुमच्या राजीनाम्यावर हे टिकले, तर उद्यापासून माह्या घरात शिजन ते तुमचं. मीठ जास्ती झालं तरी हे म्हणतीन, बाईनं नौकरी सोडली म्हणून हे खाऊन राह्यलो. मले नाई पाह्यजे. मी शिलाई करीन. शिवणयंत्र हाये माह्याजवळ." मग एकदम आवाज खाली. "पण मी म्हटलं असं सांगू नका."

"नाई सांगत."

"सोळा आणे?"

"सोळा आणे."

ज्योत्स्नाने तिच्या हातातलं घमेलं घेतलं आणि केळीच्या बुंध्याशी ओतलं. किती वर्षांत या परसात तिच्या बाजूचं कोणी बोललं नव्हतं. तिला रडू नाही आलं, भूक लागली. सकाळपासून तिने धड खाल्लं नव्हतं हे आत्ता कळलं.

दोघी आत आल्या तेव्हा काका विचारत होते, "दिव्यानी, तू सांग, पोरांच्या शाळेचं काय होईन?" आणि दिव्यानी पदर सारखा करून, ज्योत्स्नाकडे न पाहता म्हणाली, "आता शाळा अहेरीलेच हाये काका. मधातून कुठी नेता येते पोराईले? बाईनं इचार केला तर..." वाक्य तिने तिथेच सोडलं. ते काकांनी उचललं, मायने उचललं, सगळ्यांनी मिळून पूर्ण केलं.

ज्योत्स्नाने तिला दोष दिला नाही. परसातलं बोलणं परसातलं होतं.

*

मायला गाठलं ते माळ्याखाली. ती तिथे धान ठेवायच्या कणगीमागे काहीतरी शोधत होती. किंवा शोधत नव्हती.

"माय, तू काई बोलली नाई."

"बोलून काय करू?"

"अजयची बाजू घेतली असती तरी चाललं असतं. काई तरी."

गिरजाबाईने मागे वळून पाहिलं. तिच्या एका डोळ्यात फूल पडत चाललं होतं. त्या डोळ्याने ती माणसाच्या थोडं बाजूला पाही, म्हणून तिच्याशी बोलताना आपल्या शेजारी कोणी उभं आहे असं वाटायचं.

"अजयचं काय," ती म्हणाली. "तो पुरुष माणूस. चंद्रपूरले जाईन, नागपूरले जाईन, कुठी बी जाईन. मी त्याचा इचारच नाई केला."

"मंग?"

"तुही नौकरी गेली तर तू इथी येशील, असं वाटलं मले."

बाहेर ढोलकी पुन्हा सुरू झाली होती.

"घर खाते वो मले," माय म्हणाली. "तुहा काका येते, पंचायत करते, जाते. अजय सणाले येते. संध्याकाळ झाली का मी बैलाशी बोलतो. बैल विकला मंग गोठ्याशी बोलतो. तू आली असती तर दोघीजणी राह्यलो असतो. दोन पोळ्या, थोडी भाजी. मले बास."

ज्योत्स्नाला काकांना उत्तर देता आलं होतं. साहेबालाही देता आलं असतं. ही मागणी तिने धरलीच नव्हती. पहिल्यांदाच कोणी तिला तिच्यासाठी मागत होतं, आणि मागत होतं ते तिचं सगळंच.

क्षणभर तिला वाटलं, हो म्हणावं. खोलीची किल्ली घरमालकाला द्यावी. संध्याकाळी या माळ्याखाली दोघींनी बसावं, एकीने दुसरीच्या बाजूला पाहावं.

"अन् माय," ती म्हणाली, "तू गेल्यावर?"

गिरजाबाई कणगीवर हात फिरवत राहिली.

"तू गेल्यावर मी इथी कोणाच्या पंगतीत बसू?"

मायने कणगीमागून वड्यांचा डबा काढून तिच्या हातात दिला. मग तोही परत घेतला, कारण तो पाहुण्यांसाठी बाजूला काढलेला होता, आणि दुसरा शोधू लागली.

*

फाट्यापर्यंत तिला अजयने गाडीवर सोडलं. काकांनीच सांगितलं असेल, जा, रस्त्यात बोल. मार्कंड्याकडून येणाऱ्या काळीपिवळ्या जीपा हॉर्न देत निघून गेल्या. दोन्हीकडे धान कापणीला आलेला, मध्ये मध्ये कापलेल्या बांध्यांत बगळे. फाट्यावर एसटीचा थांबा म्हणजे एक पत्र्याचा तुकडा आणि त्याखाली झोपलेलं कुत्रं.

"एक विचारू?" ती म्हणाली.

"विचार."

"साहेबानं राजीनामा म्हटलं, तवा तुले माहीत होतं, हिंदीत काय होते ते?"

"भिलाईले दोन वर्ष राह्यलो बाई. माहीत काऊन नाई राहीन?"

"मंग सांगतलं काऊन नाई?"

अजयने गाडीच्या आरशावरची धूळ अंगठ्याने पुसली. एक आरसा पुसून झाला, मग दुसरा.

"मले वाटलं, तुलेबी माहीत असन."

तिने त्याचा चेहरा पाहिला. असं धरता येत होतं, तसंही धरता येत होतं. तो स्वतःसुद्धा कोणत्या बाजूने धरत असेल, त्यालाच ठाऊक नसावं. तिला पहिल्यांदा त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून थोडं परकं वाटलं.

"मी सांगू का तुले," ती म्हणाली, "मी गेली तर आपल्या पायानं गेली असं होईन. तू गेला तर तुले काढलं असं होईन. नोटीस, भरपाई. वर्षात जागा निघाली तर पह्यला हक्क तुहा. सुनिलभाऊनं सांगतलं. एक ध्यानात ठेव, तुह्याकडून कोणताबी कागद लिहून मांगतला तर देजो नको."

"पण जाईन मीच."

"हो."

"तू ठरवलंच."

"तू मांगतलं असतं तर," ती म्हणाली, आणि थांबली. हे वाक्य कुठे जातं ते तिला खरंच माहीत नव्हतं. त्याने मागितलं असतं तर दिलं असतं का? की मागितलं असतं तर निदान नाही म्हणता आलं असतं?

एसटी आली. कुत्रं उठलं. अजयने तिची पिशवी वर दिली. खिडकीतून तिने पाहिलं तर तो गाडीवर बसला नव्हता, पत्र्याखाली उभा होता, जणू त्यालाही कुठल्यातरी गाडीची वाट होती.

*

मी, ज्योत्स्ना नामदेव मोहुर्ले, असे लिहून देते की

असे लिहून देते की राजीनामा हा शब्द

असे लिहून देते की माझ्या भावाने

माझ्या भावाने काहीही

(आष्टीचा थांबा. माणसं उतरली, माणसं चढली. शेजारी बसलेल्या बाईच्या पिशवीत कोंबडी. कोंबडीने एकदा तिच्याकडे पाहिलं.)

असे लिहून देते की मी एकटी आहे. खोडलं. एकटी असण्याचा नोकरीशी काय संबंध? मला किती लागतं हे कोणी का मोजावं?

असे लिहून देते की

*

सोमवारी तिने कागद दिला. दोन प्रती. वर्मासाहेबांनी प्रियाला वाचून दाखवायला सांगितलं. प्रियाने या वेळी वरून खालपर्यंत वाचला.

"वरचा शब्द साहेबांच्या भाषेतला आहे, खालचं वाक्य माझ्या भाषेतलं. मी नोकरी सोडलेली नाही. माझी सेवा पहिल्या दिवसापासून अखंड धरावी आणि मला नवीन उमेदवार समजू नये."

साहेबांनी कपाळ खाजवलं. ते चिडले नव्हते. त्यांचं काम अवघड झालं होतं, इतकंच.

"मतलब भाई को निकालना पड़ेगा. सोच लिया?"

"काढाल तर कागदावर काढा. नोटीस द्या, भरपाई द्या. त्याच्याकडून राजीनामा घेऊ नका."

प्रियाने ते हिंदीत सांगितलं, तसं साहेबांना हसू आवरलं नाही. "कौन सी भाषा का?"

"कोणत्याच."

प्रियाने मान खाली घालून आधीची नोंद खोडली. दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारताना ती हळूच म्हणाली, "बाई, माह्याकडूनच झालं ते." ज्योत्स्नाने नुसता कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

अजयला नोटीस मिळाली. महिनाभर तो कामावर येत राहिला, बोलत राहिला, कामापुरतं. शेवटच्या दिवशी त्याने हातमोजे काढून टेबलावर ठेवले, एकावर एक, आणि "येतो" म्हणाला. चंद्रपूरला कुठल्याशा गोदामात लागलाय, असं तिला दुसऱ्याकडून कळलं. दिव्यानी आणि पोरं शाळेचं वर्ष संपेपर्यंत अहेरीत राहिली. बाजारात दिसली की दिव्यानी दुरून हात उंच करायची आणि लगेच वांग्यांकडे वळायची. काकांचा फोन आला नाही. मायचा एकदा आला. नेटवर्क नव्हतं, दोघी "हॅलो, हॅलो" म्हणत राहिल्या.

अजय गेल्यानंतरच्या पहिल्याच दिवशी, एकटीने, तिला एक गोष्ट नव्याने शिकावी लागली.

बोर्ड आठ फूट लांब. प्रेसमधून तो रुळांवर सरकत येतो, गरम, डिंकाच्या वासाचा. एकाने या टोकाला उभं राहून वरची बाजू पाहायची. दुसऱ्याने त्या टोकाला बोर्ड उचलायचा, वाकून खालची बाजू पाहायची, आणि मशीनच्या आवाजावरून ओरडायचं, "पाठ साफ!" किंवा "पाठीले भेग!" मगच खडूने दर्जाचा आकडा. नव्या रचनेत दुसरं टोक कोणाचं, हे कोणी लिहिलं नव्हतं.

बोर्ड आला. तिने वरची बाजू पाहिली. गाठ नाही, डाग नाही. सवयीने थांबली.

रूळ घरघरत होते. मागे पुढचा बोर्ड येऊन टेकला.

ती वळसा घालून पलीकडे गेली, टोक उचललं, वाकली, खालून पाहिलं. मग तिथूनच, जिथे ती आत्ता उभी नव्हती त्या टोकाकडे तोंड करून, मोठ्याने ओरडली:

"पाठ साफ!"

आणि खडू त्या टोकाला राहिला होता म्हणून परत वळसा घालून आली.